वेस्टर्न ॲव्हेन्यूच्या कडेचा सायकल ट्रॅक

ब्रिटनमधला रस्त्याकडेचा पहिला सायकल ट्रॅक १४ डिसेंबर १९३४ रोजी लंडनच्या पश्चिम भागात, वेस्टर्न ॲव्हेन्यू या मोठ्या रस्त्यालगत खुला झाला. हँगर लेनपासून ग्रीनफर्ड रोडपर्यंत त्याची लांबी अडीच मैल होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना साडेआठ फूट रुंदीचे काँक्रीटचे पट्टे घातले होते. वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी त्याचे उद्घाटन केले. हा प्रयोग यशस्वी झाला तर देशभर असे ट्रॅक बांधायचे, असा सरकारचा विचार होता. ज्यांच्यासाठी ही सोय केली त्या सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने मात्र तिला पहिल्यापासून विरोध केला. हा विरोध हट्टाचा होता असे पुढे अनेकदा म्हटले गेले. पण ट्रॅकवरून चाक फिरवणाऱ्यांना तिथे काय अनुभव येत होते ते पाहिले, तर त्यातल्या बऱ्याचशा तक्रारी रास्त होत्या हे मान्य करावे लागते.

ट्रॅकची गरज का भासली, याचे उत्तर त्या काळच्या अपघातांत आहे. १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने मोटारींवरची ताशी २० मैलांची वेगमर्यादा काढून टाकली होती. १९३४ या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे दगावली. त्यांत पायी चालणारे आणि सायकलवाले यांचाच भरणा मोठा होता. मोटारी तेव्हा जेमतेम १३ लाखांच्या घरात होत्या. सायकल चालवणारे मात्र कोटीच्या आसपास असावेत असा अंदाज होता. एवढ्या मोठ्या समाजाला धोका होता तो संख्येने किरकोळ असलेल्या वेगवान वाहनांचा. सरकारने त्यावर दोन उपाय एकदमच हाती घेतले. १९३४ च्या नव्या कायद्याने वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आणि नव्या चालकांसाठी परीक्षा आणली, आणि दुसरीकडे सायकलवाल्यांना मुख्य रस्त्यावरून बाजूला नेण्याची तयारी सुरू केली. पहिला उपाय मोटारवाल्याला आवर घालणारा होता, दुसरा त्याची वाट मोकळी करणारा. सायकलस्वारांनी हा फरक लगेच ओळखला.

त्यांच्या संशयाला जुना इतिहास होता. ट्रॅकला विरोध करणारी सायकलिस्ट्स टूरिंग क्लब ही संघटना १८७८ पासूनची. १८८० च्या दशकात तिने आणि सायकलवाल्यांच्या दुसऱ्या एका राष्ट्रीय संघटनेने मिळून रस्ते सुधारण्यासाठी वेगळे मंडळ स्थापन केले. मोटार अजून इंग्लंडच्या रस्त्यावर यायची होती. खड्डे बुजवा, खडी नीट दाबा, असा लकडा सरकारी यंत्रणेमागे लावणारे लोक सायकलवालेच होते. १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने सायकलला ‘गाडी’चा दर्जा दिला आणि घोडागाडीइतकाच तिचाही रस्त्यावर हक्क आहे हे कायद्याने पक्के झाले. हा हक्क झगडून मिळवलेला होता. म्हणून १९३४ साली कडेचा साडेआठ फुटी पट्टा दाखवून ‘ही तुमची जागा’ असे सांगितले गेले, तेव्हा जुन्या सभासदांना ती भेट वाटली नाही; आपण तयार करवून घेतलेल्या रस्त्यावरून आपल्यालाच उठवले जात आहे असे वाटले.

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे वळू. नुसता सरळ पट्टा पाहिला तर वेस्टर्न ॲव्हेन्यूचा ट्रॅक वाईट नव्हता. शेजारून मोटार सुसाट गेली तरी मध्ये गवताची पट्टी असे आणि नवख्या माणसाला तेवढाही दिलासा पुरेसा होता. पण सायकलस्वाराला रस्ता डोळ्यांपेक्षा बुडाखाली आणि मनगटांत जास्त कळतो. मोटारींचा मुख्य रस्ता जितक्या निगुतीने बांधला जाई, तितकी काळजी कडेच्या ट्रॅकच्या वाट्याला येत नसे, अशी तक्रार पुन्हा पुन्हा होत राहिली. काँक्रीटच्या लाद्यांच्या सांध्यांवर चाक आदळे. मोटारींच्या चाकांनी बाजूला फेकलेली खडी, काचा, चिखल आणि पालापाचोळा कडेला साचत जाई आणि पंक्चर सायकलवाल्याच्या नशिबी येई. शिवाय ट्रॅक सपाट आणि मोकळा म्हणून बाळांच्या गाड्या ढकलणाऱ्या आया आणि फिरायला निघालेली माणसे त्यावरूनच चालत. घंटी वाजवत, ब्रेक दाबत, पुन्हा पायडल मारत जाणे हे दमवणारे काम आहे. सायकलचा सगळा फायदा एकदा आलेला वेग टिकवण्यात असतो आणि तोच इथे मोडत होता.

याहून मोठी अडचण आडव्या रस्त्यांची. ब्रिटनमध्येही वाहने भारतासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. मुख्य रस्त्यावरच्या सायकलवाल्याच्या मागून येणारा मोटारवाला समोर पाहत असतो. सायकल त्याच्या नजरेच्या टप्प्यात असते. तीच सायकल दहा-पंधरा फूट डावीकडे, गवताच्या पट्टीपलीकडे गेली की त्याच्या हिशेबातून निघून जाते. मग तो डाव्या हाताच्या रस्त्यात वळतो, आणि ट्रॅकवरून सरळ निघालेली सायकल नेमकी त्याच्या आडवी येते. म्हणजे अपघात सरळ भागातून उचलून फाट्यावर नेऊन ठेवल्यासारखे झाले. हे टाळण्यासाठी सायकलवाल्याने प्रत्येक फाट्याशी थांबायचे, मान मागे वळवून पाहायचे, मगच ओलांडायचे. शेजारच्या मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र त्याच फाट्याशी कोणी थांबवत नसे. घरांच्या आणि कारखान्यांच्या फाटकांतून बाहेर पडणारी वाहने ही आणखी वेगळी डोकेदुखी. आणि अडीच मैल संपले की ट्रॅकही संपे; सायकलवाल्याला पुन्हा त्याच भरधाव गर्दीत शिरावे लागे, तेही अशा जागी की जिथे मोटारवाल्याला त्याची अपेक्षाच नसे.

क्लबचे सचिव जी. एच. स्टॅन्सर आणि त्यांचे सहकारी हे मुद्दे मांडत होतेच, पण त्यांच्या मनात खरी भीती सक्तीची होती. जर्मनीत १९३४ च्याच वाहतूक नियमांनी, जिथे सायकलमार्ग असेल तिथे सायकलस्वाराने तोच वापरला पाहिजे असे बंधन घातले होते. ब्रिटनमध्ये ट्रॅक ऐच्छिक होता. पण आज ऐच्छिक ते उद्या सक्तीचे व्हायला वेळ लागत नाही, हे त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. लॉर्ड ॲलनेस यांच्या अध्यक्षतेखालच्या लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने १९३९ च्या अहवालात जास्त ट्रॅक बांधण्याची, आणि चांगले ट्रॅक असतील तिथे सायकलस्वारांना ते वापरायला लावण्याची शिफारस केलीच. महायुद्ध सुरू झाले आणि ती शिफारस कागदावर राहिली.

या वादात एक आवाज कमी ऐकू येतो. क्लबचे सभासद मुख्यतः सुट्टीच्या दिवशी लांब फेऱ्यांना जाणारे, सराईत लोक. वेस्टर्न ॲव्हेन्यूवर रोज जाणारे वेगळे होते. याच अडीच मैलांच्या टापूत पेरिव्हेल येथे हूवर कंपनीचा झगमगीत कारखाना १९३३ साली सुरू झाला होता आणि आसपास इतरही उद्योग उभे राहत होते. पाळीला जाणाऱ्या कामगाराला भरधाव सायकल मारायची नव्हती. त्याला वेळेवर आणि धडधाकट पोहोचायचे होते. त्याला हा ट्रॅक कसा वाटत होता, हे विचारायला फारसे कोणी गेले नाही. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची हर्क्युलिस आणि बी.एस.ए. ही त्या कामगारांच्या हातची वाहने पुढे मुंबई-पुण्याच्या कामगारांच्या, पोस्टमनच्या आणि शिक्षकांच्या हातीही दिसू लागली. स्वातंत्र्यानंतर तर भारतातच त्यांचे कारखाने निघाले. सायकल दोन्हीकडे गरजेचे वाहन होते, आणि गरजेपोटी सायकल चालवणाऱ्याचे मत दोन्हीकडे उशिरा विचारले गेले.

वाहतूक मंत्रालयाने विरोधाला न जुमानता काम पुढे नेले. मंत्रालयातल्या अभियंत्यांनी हॉलंडमधल्या रस्तेबांधणी खात्याकडून माहिती मागवली. नव्या मोठ्या रस्त्याला सरकारी अनुदान हवे असेल तर स्थानिक संस्थेने दोन्ही बाजूंना नऊ फुटी सायकल ट्रॅक घालावा, असे धोरण ठरले. १९४० पर्यंत अडीचशे मैलांहून अधिक लांबीचे ट्रॅक तयार झाले. पण ते तुकड्यातुकड्यांत होते. एका गावाबाहेर दोन मैल, दुसऱ्या गावाबाहेर तीन; मधल्या जुन्या अरुंद रस्त्यांवर काहीच नाही. रुंदी हॉलंडची घेतली गेली, सलगता घ्यायची राहून गेली.

युद्धानंतर सायकल काही वर्षे जोरात होती. १९४९ मध्ये ब्रिटिशांनी सायकलवरून वर्षभरात सुमारे २४ अब्ज किलोमीटर अंतर कापले. रस्त्यावरच्या एकूण वाहतुकीत हा वाटा एक तृतीयांशाहून जास्त भरत होता. १९५० मध्ये पेट्रोलचे रेशनिंग उठले, मोटारी हप्त्यावर मिळू लागल्या आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सायकलींचा हा आकडा चार अब्जांच्या आसपास उतरला. ट्रॅकवर सायकलीच दिसेनात, तेव्हा ते कशासाठी बांधले होते हेही लोक विसरले. काही ठिकाणी त्यांवर गवत माजले. काही ठिकाणी घरापुढचा जादा रस्ता समजून लोक त्यांवर मोटारी उभ्या करू लागले. २०१७ च्या सुमारास जुने नकाशे आणि मंत्रालयाची दप्तरे चाळून हे ट्रॅक पुन्हा शोधले गेले, तेव्हा कित्येक गावांना आपल्या दारात असा पट्टा आहे याची कल्पनाही नव्हती.

या सगळ्यातून नेमका धडा घेतला तो एरिक क्लॅक्सटन यांनी. तिशीच्या दशकात ते वाहतूक मंत्रालयात तरुण अभियंता होते आणि तिथल्या ट्रॅकचे दोष त्यांनी जवळून पाहिले होते. १९४६ साली लंडनच्या उत्तरेला स्टीव्हनेज हे नवे शहर वसवायचे ठरले आणि त्याच्या बांधणीची सूत्रे पुढे त्यांच्याकडे आली. त्यांनी सायकलमार्ग आणि पायवाट वेगवेगळी ठेवली. मोठ्या चौकांत मोटाररस्ता थोडा वर उचलला, सायकलमार्ग थोडा खाली घेतला आणि भुयारी वाटेने पार नेला. त्यामुळे सायकलवाल्याला थांबावे लागत नाही, उलट उताराने मिळालेला वेग पलीकडचा चढ चढायला कामी येतो. सायकल चालवणाऱ्यानेच आखावी अशी ती आखणी होती. तरीही स्टीव्हनेज हे सायकलींचे शहर बनले नाही. क्लॅक्सटन यांनी मोटारींसाठीही तितकेच प्रशस्त, कोंडी न होणारे रस्ते बांधले होते. मोटारीने जाणे इतके सोपे असताना लोक मोटारच काढत राहिले.

हॉलंडची वाट वेगळी होती, पण ती सुरुवातीपासून सोपी नव्हती. तिथे १९२४ ते १९४१ सायकलींवर कर होता. युद्धानंतर तिथल्या शहरांनीही मोटारींसाठी रस्ते रुंद करताना सायकलमार्ग खाल्ले. १९७१ मध्ये अपघातांत सुमारे ३,३०० माणसे गेली, त्यांत चारशेहून जास्त मुले होती. ‘बालहत्या थांबवा’ अशा नावाची पालकांची चळवळ रस्त्यावर उतरली, १९७३ च्या तेलटंचाईने तिला बळ दिले आणि १९७५ मध्ये सायकलस्वारांची नवी संघटना उभी राहिली. या लोकांनी सायकलमार्ग नाकारले नाहीत; चांगल्या सायकलमार्गांचा आग्रह धरला. टिलबर्ग आणि हेग येथे सरकारी खर्चाने नमुन्याचे मार्ग झाले, मग डेल्फ्टमध्ये सबंध शहराचे जाळे विणले गेले. आडव्या लहान रस्त्याशी सायकलमार्ग तुटत नाही. लाल डांबराचा पट्टा त्याच पातळीवर पुढे जातो आणि मोटारीला उंचवट्यावर चढून, वेग कमी करून तो ओलांडावा लागतो. थांबायचे कोणी, हा १९३४ मधला प्रश्न तिथे असा उलटा सोडवला गेला.

ब्रिटनमध्ये पुढची कित्येक वर्षे याच्या नेमके विरुद्ध चालले. फुटपाथच्या मधोमध पांढरी रेघ मारायची, सायकलचे चित्र काढायचे आणि ट्रॅक झाला असे जाहीर करायचे. मग त्या पट्ट्यात विजेचा खांब, बसथांबा किंवा झाड येई, आणि पुढच्या फाट्याशी ‘सायकलवरून उतरा’ अशी पाटी. अशा पट्ट्याऐवजी मुख्य रस्त्याने जाणाऱ्या सायकलवाल्याला मागचा मोटारचालक हॉर्न मारून कडेला जायला सांगतो, हा तिथला नेहमीचा अनुभव. कायद्याने सक्ती कधीच झाली नाही. ती अशी हॉर्नच्या आवाजातून झाली.

जुलै २०२० मध्ये इंग्लंडच्या परिवहन खात्याने नवे आखणी-मानक काढले. सायकल हे वाहन आहे आणि सायकलस्वाराला पादचारी मानू नये, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. वर्दळीच्या रस्त्यालगत फुटपाथवरची सामायिक रेघ हा उपाय त्यात निकृष्ट ठरवला आहे. जानेवारी २०२२ पासून वाहतूक नियमावलीतही बदल झाला: सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला आडवे येईल असे वळण मोटारचालकाने घेऊ नये, मग तो सायकलस्वार मुख्य रस्त्यावर असो, कडेच्या पट्ट्यात असो वा ट्रॅकवर.