आधी डाग ओळखावा, मग बादलीत हात घालावा

सुलतानपूर (जि. बुलडाणा) : लग्नाच्या हळदीत पिवळा झालेला सदरा, कपाशी वेचताना गुडघ्यापर्यंत काळ्या मातीने माखलेले लुगडे, चहा सांडलेला शाळेचा पांढरा गणवेश आणि ट्रॅक्टरच्या ग्रीसने काळवंडलेली पँट हे सारे कपडे घरोघरी एकाच बादलीत, एकाच साबणाच्या पाण्यात भिजत पडतात. उरलेला डाग मग ब्रशने खरवडला जातो. तरीही न निघाल्यास ब्लीच ओतले जाते, आणि शेवटी डागाच्या जागी भोक पडते किंवा रंग उडतो. वास्तविक बहुतेक चिवट डाग मुळात चिवट नसतात. चुकीच्या पहिल्या उपायाने ते चिवट होतात. डाग कशाचा आणि कापड कोणत्या धाग्याचे, या दोन प्रश्नांची उत्तरे धुण्यापूर्वी मिळाली, तर घरातल्याच साध्या वस्तूंनी निम्म्याहून अधिक काम होते.

लोणारच्या खाराचा धडा

कपडे धुण्याचे रसायनशास्त्र समजून घेण्यास सुलतानपूरइतके सोयीचे गाव शोधून सापडणार नाही. हे गाव लोणार तालुक्यात आहे. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून त्यातील सरोवराचे पाणी केवळ खारट नाही, तर तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो. या पाण्यात मिठाबरोबरच सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, विरघळलेला आहे. अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथात या परिसराचे वर्णन करताना काच आणि साबण बनवण्याचे साहित्य येथे मिळते, अशी नोंद आहे. पुढे इंग्रजी अमदानीतही उन्हाळ्यात पाणी आटले की येथील खार गोळा केला जाई. दल्ला, पापडी, भुस्की अशी त्याच्या निरनिराळ्या प्रतींची नावे जुन्या नोंदींत आढळतात. पुढे कारखान्यातील सोडा स्वस्त झाला. टाटा केमिकल्सची मिठापूर येथे १९३९ साली स्थापना झाली आणि देशी सोडा मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होऊ लागला. लोणार सरोवर आता संरक्षित अभयारण्य असून २०२० साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. त्यामुळे तेथील खार आणण्याचा विचारही कोणी करू नये. किराणा दुकानातील धुण्याचा सोडा हेच काम करतो.

हा खार नेमके काय करतो? तेलकट पदार्थावर अल्काची क्रिया होऊन त्याचा काही अंश साबणासारखा पाण्यात मिसळण्याजोगा होतो. शिवाय बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम सोड्यामुळे खाली बसतात. जड पाण्यात साबणाला फेस न येता राखाडी साका का धरतो आणि चिमूटभर सोड्याने फेस का येतो, याचे कारण हेच. मात्र जो खार सुती कापडाचा मित्र, तोच रेशीम आणि लोकरीचा शत्रू आहे.

धाग्याची जात

सुती धागा वनस्पतीज सेल्युलोजचा असतो. तो सोडा, गरम पाणी व घासणे सहन करतो, पण तीव्र आम्लाने कमजोर होतो. रेशीम व लोकर प्राणिज प्रथिनांपासून बनतात. सोड्याने त्यांची चमक जाते, धागा झिजतो, आणि क्लोरीनयुक्त ब्लीचने तर तो पिवळा पडून विरतो. म्हणून पैठणी, रेशमी साडी वा लोकरी शालीवर सोडा, ब्लीच वा गरम पाणी कधीही वापरू नये. रिठ्याचे कोमट पाणी किंवा अशा कपड्यांसाठीचा सौम्य द्रवरूप साबण योग्य. जरीवर घरगुती प्रयोग टाळून वस्त्र ड्रायक्लीनिंगला द्यावे आणि डाग कशाचा, हे तेथे आवर्जून सांगावे. पॉलिस्टरसारखे कृत्रिम धागे पाण्याचे डाग फारसे धरत नाहीत, पण तेल घट्ट धरून ठेवतात.

चार सर्वसाधारण नियम

पहिला, डाग ताजा असतानाच टिपावा, घासू नये. कोरड्या सुती फडक्याने कडेकडून मध्याकडे टिपल्यास डाग पसरत नाही.

दुसरा, सुरुवात नेहमी थंड पाण्याने करावी. गरम पाण्याची गरज नंतर पडते.

तिसरा, कोणताही उपाय आधी शिवणीच्या आतल्या बाजूस करून पाहावा. रंग फडक्याला लागल्यास तो उपाय सोडून द्यावा.

चौथा, डाग पूर्ण निघाल्याखेरीज इस्त्री करू नये. इस्त्रीच्या उष्णतेने उरलेला डाग धाग्यात पक्का बसतो.

डागांची कुळे आणि उपाय

हळद : हळदीतील कर्क्युमिन या रंगद्रव्याला साबणाचा अल्क लागला की ते लाल होते. पारंपरिक पद्धतीने हळदीचे कुंकू होते ते याच गुणामुळे. म्हणून साबण लावताच डाग तांबडा झाल्यास घाबरू नये. स्वच्छ पाण्याने खळबळून थोडे लिंबू पिळल्यास तो पुन्हा पिवळा होतो. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. डिटर्जंटने धुतलेला ओला पांढरा कपडा कडक उन्हात वाळत घालावा. एक-दोन उन्हांत पिवळेपणा उतरतो. रंगीत कपडा मात्र उन्हात फार वेळ ठेवू नये. हळदीबरोबर फोडणीचे तेल असल्यास आधी तेल काढावे.

चहा : चहाच्या डागात टॅनिन व दुधातील प्रथिने असे दोन घटक असतात. आधी थंड पाण्याने दूध काढावे, मग डिटर्जंट लावावे. सोड्याने टॅनिन अधिक गडद होते, म्हणून तो येथे सुरुवातीला वापरू नये. जुन्या डागावर थोडे पांढरे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून धुवावे. पांढऱ्या सुती कपड्यावर तरीही पिवळसर छटा उरल्यास औषधाच्या दुकानातील ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लावून काही मिनिटांनी धुवावे. द्रावण ६ टक्क्यांचे असेल, तर त्यात तेवढेच पाणी घालावे. चहा, हिरडा, डाळिंबाची साल यांचे डाग पडलेले कपडे लोखंडी घमेल्यात भिजवू नयेत. टॅनिन व लोह एकत्र आले की निळसर काळा रंग होतो. जुन्या काळी हिरड्यापासून काळी शाई याच तत्त्वाने बनवीत.

रक्त, दूध, अंडे : हे प्रथिनांचे डाग. अंडे उकडल्यावर जसे घट्ट होते, तशी गरम पाण्यात ही प्रथिने धाग्यातच गोठतात. कपडा थंड पाण्यात अर्धा तास भिजवून, पाणी बदलून, साबणाने हलके चोळावा. जुना डाग मिठाच्या थंड पाण्यात भिजवावा. पांढऱ्या सुती कपड्यावर सौम्य पेरॉक्साइड चालते.

तेल, तूप, ग्रीस : पाणी लावण्यापूर्वी डागावर टाल्कम पावडर, खडूची भुकटी किंवा बेसन दाबून अर्धा तास ठेवावे आणि झटकून टाकावे. मग भांडी घासण्याचा द्रवरूप साबण डागावर कोरडाच चोळून, कापडास सोसेल इतक्या गरम पाण्याने धुवावे. सुती कपड्यासाठी पाण्यात चमचाभर सोडा घालावा. ग्रीसच्या डागाखाली जुने फडके ठेवून उलट बाजूने साबण चोळल्यास काळे कण फडक्यात उतरतात.

गंज : पत्र्याच्या दोरीचा वा पिनेचा तांबूस डाग साबणाने जात नाही आणि ब्लीचने अधिक पक्का होतो. लिंबाचा रस व मीठ लावून पांढरा सुती कपडा उन्हात ठेवावा, डाग फिकट होताच भरपूर पाण्याने धुवावा. लिंबातील सायट्रिक आम्ल लोहाला धरून पाण्यात नेते. रस कापडात वाळू देऊ नये.

शाई : बॉलपेनची शाई पाण्यात विरघळत नाही, स्पिरिट वा सॅनिटायझरमधील अल्कोहोलमध्ये विरघळते. डागाखाली टिपकागद ठेवून वरून स्पिरिटच्या बोळ्याने टिपावे, टिपकागद बदलत राहावे. नखांचे पॉलिश काढण्याचे द्रव कृत्रिम रेशमावर वापरू नये. अॅसिटेटसारखा धागा त्यात चक्क विरघळतो.

जांभूळ व अन्य फळे : ताज्या डागाचे पांढरे सुती कापड पातेल्यावर ताणून धरावे व सांभाळून उंचावरून उकळते पाणी ओतावे. त्यापूर्वी साबण लावू नये. जांभळातील रंगद्रव्य अल्काने निळसर होते, आम्लाने लालसर होऊन सुटायला सोपे जाते, म्हणून लिंबू उपयोगी पडते.

काळी माती : ओला चिखल चोळणे ही सर्रास होणारी चूक. विदर्भातील काळ्या जमिनीची चिकणमाती पाण्याने फुगते व तिचे अतिसूक्ष्म कण धाग्यात शिरतात. चिखल पूर्ण वाळू द्यावा, झटकावा, ब्रशने काढावा आणि मगच डिटर्जंटच्या पाण्यात भिजवावे. याने पाणीही निम्मे लागते.

घाम : काखेतील पिवळे डाग घाम आणि दुर्गंधीनाशकातील अॅल्युमिनियमचे क्षार यांच्या संयोगाने पडतात. त्यावर क्लोरीनचे ब्लीच टाकल्यास ते अधिक पिवळे होतात. व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवून, खळबळून, मग डिटर्जंटने धुवावे.

नीळ डाग काढत नाही, हेही येथे सांगायला हवे. पिवळसर छटेवर निळा रंग चढवून ती डोळ्यांना पांढरे भासवते. डाग काढण्यापूर्वी नीळ देण्यात अर्थ नाही.

न निघण्यासाठीच पाडलेला डाग

काही डागांना मात्र हार मानणे शहाणपणाचे. बिब्ब्याचा डाग त्यांपैकी एक. परीट मंडळी गिऱ्हाइकांचे कपडे ओळखता यावेत म्हणून त्यावर बिब्ब्याच्या तेलाने खूण करीत. चुन्याचा स्पर्श होताच ती काळीभोर व कायमची होई. भट्टीतल्या सोड्यालाही ती दाद देत नसे. या झाडाला इंग्रजीत धोब्याचे फळ या अर्थाचे नाव पडले, ते त्यामुळेच. बिब्ब्याचे तेल त्वचेवर उततेही. असा डाग घासत बसल्यास कापड आणि हात दोन्ही जायचे. केळीच्या चिकाचा वाळलेला डागही असाच हट्टी असतो. तो ओला असतानाच धुतला तरच काही आशा असते.

जिवाशी खेळ नको

डागाच्या हट्टापायी होणाऱ्या चुकांत कपड्याचे नुकसान ही लहान गोष्ट आहे. क्लोरीनयुक्त ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे आम्ल, व्हिनेगर किंवा लिंबू मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्र येथील आघाडीवर शस्त्र म्हणून सोडण्यात आला, तो हाच वायू. अमोनिया असलेल्या द्रवाशी ब्लीच मिसळल्यास क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात. बंद न्हाणीघरात थोडेसे मिश्रणही घसा, डोळे व फुप्फुसांना घातक ठरते. एक उपाय फसल्यास कपडा भरपूर पाण्याने धुऊन, शक्य तर दुसऱ्या दिवशीच पुढचा उपाय करावा. चुकून दोन द्रव मिसळले गेलेच, तर बादली उचलत न बसता तत्काळ मोकळ्या हवेत यावे. खोकला वा दम लागल्यास दवाखाना गाठावा.

ग्रीससाठी पेट्रोल व रॉकेल वापरण्याची सवयही सोडावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत शेगडी, गिझर वा विजेच्या बटणाच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. तसा भिजलेला कपडा धुण्याच्या यंत्रात टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण. गंजासाठी मिळणारे ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. मुलांच्या घरात ते आणूच नये. कोणतेही द्रव शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये.

पाणी आणि ऊन

बुलडाणा जिल्ह्याच्या मोठ्या भागात उन्हाळ्यात पाणी मोजून वापरावे लागते. डाग न ओळखता कपडा तीन वेळा धुणे येथे परवडत नाही. सगळा कपडा पिंपात बुडवण्यापूर्वी डागापुरत्या जागेवर वाटीभर पाण्यात उपचार केला, तर पाणी, साबण आणि कापड तिन्ही वाचतात. शेवटच्या खळबळीचे पाणी पुढच्या मळक्या कपड्यांना भिजवण्यासाठी ठेवता येते. आणि पांढऱ्या सुती कपड्यांच्या बाबतीत सर्वांत स्वस्त विरंजक या भागात वर्षातील बरेच महिने डोक्यावर तळपत असतोच. बाटलीतल्या ब्लीचकडे हात जाण्यापूर्वी कपड्याला एक दिवसाचे ऊन दाखवून पाहावे.