हिरवट दात आणि सोन्याचा भाव

१५ ऑगस्ट १९७१, रविवारची रात्र. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केले की, परदेशी सरकारांना डॉलरच्या बदल्यात सोने देणे आता थांबवले जात आहे. (भारतात तेव्हा १६ ऑगस्टची सकाळ झाली होती.) या निर्णयाचे चलनव्यवस्थेवर झालेले परिणाम पाठ्यपुस्तकांत आहेतच. त्याचा एक परिणाम मात्र माणसांच्या दातांवर झाला, आणि तो रंगाच्या रूपाने दिसला. हा धागा त्या रंगाविषयी.

चिनी मातीचे दात घडवण्याची खटपट तशी जुनी. १७७४च्या सुमारास पॅरिसजवळचे औषधविक्रेते अलेक्सी द्युशातो हस्तिदंती कवळीच्या डागांना आणि दुर्गंधीला कंटाळले आणि एका पोर्सेलिन कारखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले. भट्टीतून निघालेली कवळी आकसलेली आणि अनैसर्गिक पांढरी. मग मिश्रणात रंगीत माती मिसळावी लागली. दाताचा रंग भट्टीत साधणे अवघड असते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आज आपण ज्याला ‘कॅप’ म्हणतो, तिचे पोर्सेलिनचे रूप डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रुळवले. ती सुंदर होती, पण ठिसूळ. १९६२मध्ये वाइनस्टाइन बंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळालेल्या पेटंटांनी ही अडचण सोडवली. तापताना आणि निवताना धातूच्या जोडीने प्रसरण-आकुंचन पावेल असे पोर्सेलिन त्यांनी तयार केले. आत धातूची टोपी, वर पोर्सेलिनचे थर. धातू होता मुख्यतः सोन्याचा, प्लॅटिनम आणि पॅलेडियमची जोड दिलेला. सोने भट्टीत गंजत नाही, पोर्सेलिनला डागाळत नाही. वर त्याची पिवळसर झाक दाताला ऊबदार रंग देते. दंततंत्रज्ञांचे काम सुखाने चालले होते.

आणि सोने महागले. जो भाव अनेक दशके औंसाला ३५ डॉलरवर बांधलेला होता, तो जानेवारी १९८०मध्ये ८५० डॉलरपर्यंत पोहोचला. सोन्याच्या कॅपचा खर्च परवडेनासा झाला, तसा पर्यायांचा शोध सुरू झाला. १९७४मध्ये पॅलेडियम आणि चांदीचा मिश्रधातू बाजारात आला. त्यात साधारण ५० ते ६० टक्के पॅलेडियम आणि ३० ते ४० टक्के चांदी. ताकद उत्तम, पोर्सेलिनशी बांधणी उत्तम, किंमत सोन्याहून पुष्कळ कमी.

पण भट्टीतून निघणारी कॅप कधी पिवळी, कधी हिरवट, कधी तपकिरी दिसू लागली. अशा वेळी पहिला संशय रंगाच्या भुकटीवर जातो, दुसरा तंत्रज्ञाच्या हातावर. दोन्ही येथे बहुधा निर्दोष होते. खुणा वेगळेच सांगत होत्या. डाग हिरडीलगतच्या कडेला गडद असे, कारण तिथे पोर्सेलिनचा थर सर्वांत पातळ. फिकट छटांच्या कॅपवर तो अधिक उठून दिसे. तीच कॅप पुन्हा पुन्हा भाजली, किंवा तापमान थोडे चढले, की रंग वाढे. सर्वांत चकवणारी खूण अशी की, त्याच भट्टीत नंतर ठेवलेली चांदीविरहित कॅपसुद्धा कधी कधी डागाळलेली निघे.

या शेवटच्या खुणेतच उत्तर होते. ९०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेत चांदीचे अणू धातूचा पृष्ठभाग सोडून वाफेच्या रूपात बाहेर पडत, पोर्सेलिनमध्ये शिरत आणि भट्टीच्या भिंतींवरही बसत. पोर्सेलिनमधल्या काचेतील सोडियमची जागा चांदी घेई आणि तिचे अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश शोषून घेत. उरे तो पिवळेपणा.

गंमत अशी की, युरोपला ही किमया चौदाव्या शतकापासून ठाऊक होती. चर्चच्या खिडक्यांतील सोनेरी केस आणि प्रभावळी रंगवण्यासाठी कारागीर काचेवर चांदीच्या संयुगाचा लेप देऊन ती भाजत. तिथे जे कौशल्य होते, तेच दंतशाळेत दोष ठरले.

उपायही त्या कारणाला धरूनच आले. रिकाम्या भट्टीत कार्बनचा ठोकळा ठेवून ती तापवायची, म्हणजे भिंतींवरच्या चांदीचा उपद्रव कमी होतो. पोर्सेलिन भाजण्याआधी धातूवर सोन्याचा पातळ लेप द्यायचा. उत्पादकांनी सोडियम कमी आणि पोटॅशियम अधिक असलेली पोर्सेलिने बाजारात आणली. यांतला शेवटचा उपाय सर्वांत पक्का वाटतो, कारण त्यात दोष मुळातच टळतो. बाकीच्यांत रोजच्या शिस्तीवर भिस्त राहते.

दुसरी वाट होती चांदी वगळण्याची. १९८०च्या दशकात पॅलेडियमचे प्रमाण बरेच जास्त असलेले, चांदी नसलेले मिश्रधातू पुढे आले आणि हिरव्या डागाची धास्ती ओसरली. पुढे मोटारींच्या धूरशोधक यंत्रांसाठी पॅलेडियमची मागणी वाढली, रशियाकडून येणारा पुरवठा अनियमित झाला, आणि जानेवारी २००१मध्ये पॅलेडियमचा भाव औंसाला १,००० डॉलरच्या वर गेला. सोने तेव्हा २७० डॉलरच्या आसपास मिळत होते.