तळटीप : मोनेटा

* मोनेटा : जूनो या रोमन देवीचे एक बिरुद. रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवर या नावाने तिचे देऊळ इ.स.पू. ३४४ मध्ये उभे राहिले. सिसेरो हे नाव ‘सावध करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूशी जोडतो. भूकंपानंतर गाभण डुकरिणीचा बळी द्या, असा आवाज देवळातून आल्याची कथा तो सांगतो. लिवियस आंद्रोनिकसने मात्र हेच नाव कलादेवतांच्या आईला, म्हणजे स्मृतिदेवतेला दिले. देवळालगत टांकसाळ होती. म्हणून ‘मोनेटा’ म्हणजे आधी टांकसाळ, मग तिथले नाणे. इंग्रजीतले ‘मिंट’ आणि ‘मनी’ दोन्ही इथूनच आले. इ.स.पू. ४६ च्या एका दिनारावर पुढे देवीचे मुख, मागे ऐरण, सांडशी आणि हातोडा आहे. लक्ष्मीशी तिची तुलना करण्याचा मोह वाचकाने आवरावा. धन देणे हे तिचे मूळ काम नव्हे.

पैठणच्या प्रकरणात हा शब्द येतो तो ‘नाणे’ या अर्थानेच. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात पैठण भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. तिथला पट्टेदार ऑनिक्स दगड, वाटा बिकट असूनही, गाड्यांतून भडोचला जाई. त्याच बंदरात रोमन सोन्याचांदीचे दिनार देशी चलनात बदलले की नफा होई, अशी नोंदही त्यात आहे. सातवाहनांची बहुतेक नाणी शिसे, तांबे आणि पोटीन या मिश्रधातूची होती, हे येथे ध्यानात घ्यावे. – संपा.