झोपडीचं रान

आजचा भाग थोडा वेगळा आहे. नेहमी आपण किल्ले, तह, लढाया असं काहीतरी घेतो. आज मी तुम्हाला आमच्या अडीच एकरांतल्या एका तुकड्याच्या नावाची गोष्ट सांगणार आहे. हे नाव मला कळलं २०२० च्या चैत्रात, लॉकडाऊनमध्ये. आणि त्या नावाचा धागा थेट १८९७ पर्यंत जातो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. मार्च २०२० मध्ये मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी, २१ मार्चला, मी लॅपटॉप आणि चार कपडे घेऊन पुण्याहून घरी आलो. म्हटलं, आठवडाभराचा प्रश्न आहे. २४ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांचा लॉकडाऊन जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. कडुनिंब दारात होता, पण साखरेच्या गाठी मिळाल्या नाहीत. आईने गुढीला नुसता झेंडूचा हार घातला.

घरात माणसं चार: आजी, आई, आप्पा म्हणजे माझे वडील, आणि मी. गोठ्यात एक संकरित गाय, एक गाभण म्हैस, दोन शेळ्या, आणि अंगणात पाच-सहा कोंबड्या. गहू काढायला आला होता. बांधावरच्या आंब्याला कैऱ्या लागल्या होत्या. बाहेर जग थांबलं होतं, पण पहाटे पाचला गाय हंबरायची ती हंबरायचीच. तिला कोणी नोटिफिकेशन पाठवलं नव्हतं.

एका संध्याकाळी टीव्हीवर सांगत होते की राज्यात १८९७ चा साथरोग कायदा लागू केला आहे. आजी शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजी प्लेगाचा कायदा. आता झोपडीच्या रानात जावं लागतंय का काय!"

झोपडीचं रान म्हणजे आमचा ओढ्याकडचा तुकडा. लहानपणापासून मी हे नाव ऐकत आलो होतो. तिथे झोपडी कधीच नव्हती, आणि मी कधी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी विचारलं. आजीला तिच्या सासूबाईंनी सांगितलं होतं: गावात उंदीर मरून पडायला लागले की घरं सोडायची. भांडीकुंडी, दाणे, पोरं आणि जनावरं घेऊन सगळे रानात जायचे. कडब्याच्या, पाचटाच्या झोपड्या घालायच्या आणि साथ सरेपर्यंत तिथेच राहायचं. आमच्या घरची झोपडी त्या तुकड्यात होती. झोपडी गेली, नाव राहिलं.

आता जरा इतिहासाकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याच्या गोदामांची वस्ती, आणि गोदाम म्हटलं की उंदीर आलेच. लोक मुंबई सोडून पळाले, रेल्वेने गावोगाव गेले आणि साथही पसरली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा कायदा! त्यात रोगाचं नावसुद्धा नाही. सरकारला वाटेल ते उपाय करता येतील, आणि न ऐकणाऱ्याला शिक्षा होईल, असा एकूण मतितार्थ.

पुण्यात रँडसाहेबाने काय केलं ते आपण शाळेत शिकलो. गोऱ्या सोल्जरांकडून घरांची झडती, माणसं उचलून नेणं, सामान जाळणं. त्यातून २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हा भाग सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे पुन्हा वसंतातच, पुण्याबाहेर हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दुसरं एक काम चालू होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत तिथे प्लेगच्या रुग्णांवर उपचार करत होते. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. शहराची हवा सोडून रुग्णाला मळ्यात आणायचं, हा विचार तिथेही दिसतो.

रानात जाण्याचा उपयोग होत होता का? होत होता. प्लेगचे जंतू उंदरांवरच्या पिसवांमधून माणसात येतात, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. घर सोडलं की उंदीर सुटला, उंदीर सुटला की पिसू सुटली. कारण कळायच्या आधीपासून लोकांना एवढं नक्की दिसत होतं की उंदीर पडले की पाठोपाठ माणसं पडतात. तरी पुढच्या वीसेक वर्षांत देशात सुमारे एक कोटी माणसं या रोगाने गेली.

आता गंमत बघा. कायदा तोच, पण आज्ञा बरोब्बर उलटी. तेव्हा सांगितलं, "घराबाहेर राहा." २०२० मध्ये सांगितलं, "घरात राहा." दोन्ही वेळा आज्ञा माणसाला होती. जनावरांचं काय, हे कोणी सांगितलं नाही. झोपडीत जा म्हटलं तरी बैल, गाय, त्यांचा कडबा न्यायचा कसा, पाणी कुठून आणायचं, रात्री राखण कोणी करायची? १८९६-९७ हे दुष्काळाचंही वर्ष होतं. वैरण नाही आणि वर हे. रँडवर पुस्तकं आहेत, पण त्या झोपडीत गाईची धार कोण काढत होतं हे कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही.

म्हणजे सरकारला जनावरांच्या रोगाची काळजी नव्हती असं नाही हं. उलट, गुरांच्या साथींवर इंग्रजांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्येच आला होता. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झाली, म्हणजे प्लेग येण्याच्या सात वर्षं आधी. ती १८९३ मध्ये कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला हलवली. मुख्य शत्रू होता बुळकांडी. या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. बैल हेच इंजिन असलेल्या काळात बुळकांडी म्हणजे सगळी शेती बंद. तो रोग जगातून संपल्याची घोषणा झाली थेट २०११ मध्ये. देवीनंतर संपवलेला हा दुसराच रोग. आजी अजूनही चिडली की गाईला "बुळकांडी लागो तुला" म्हणते. रोग गेला, शिवी राहिली.

परत २०२० कडे. एप्रिलमध्ये आमच्या शिवेजवळ ऊसतोड कामगारांचा तळ होता. त्यांच्या राहण्याच्या झोपडीला कोप म्हणतात. म्हणजे आमच्या पणजीनंतर शंभरेक वर्षांनी साथीच्या दिवसांत पुन्हा रानात झोपड्या होत्या, फक्त आत माणसं वेगळी होती. "घरात राहा" म्हणायचं, तर त्यांचं घर बीड जिल्ह्यात. बैलांचा चारा म्हणजे उसाचं वाढं. तोड संपली की वाढं संपलं. १७ एप्रिलला सरकारने त्यांना गावी जायची परवानगी दिली. तोपर्यंत आप्पा रोज दोन-चार पेंढ्या कडबा तिकडे टाकून यायचे. मी म्हणालो, "आपल्यालाच पुरणार नाही." आप्पा म्हणाले, "बैलाला काय सांगू, परवानगी आली नाही म्हणून?"

आणि आता जे सांगायला मी हा भाग करतोय, ते. हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकानं बंद पडली आणि दुधाची मागणी कोसळली. आमच्या संकलन केंद्रावर दर लिटरला ३१ रुपयांवरून २० वर आला. सरकारने रोज दहा लाख लिटर दूध २५ रुपयांनी घेऊन भुकटी करायचं ठरवलं. तो २५ चा दर आमच्या केंद्रापर्यंत काही पोचला नाही. मी इंजिनिअर माणूस. एक्सेल शीट उघडली. सरकी पेंड, चारा, औषधं, सगळं धरून लिटरला खर्च २७ रुपये. गाय दिवसाला १२ लिटर द्यायची. म्हणजे दिवसाला ८४ रुपये तोटा, महिन्याला अडीच हजार. मी आप्पांना स्क्रीन दाखवली आणि म्हणालो, "गाय विकून टाका. म्हैस ठेवा."

आप्पा काही बोलले नाहीत. आजी म्हणाली, "दर पडला म्हणून गाय बंद करता येती व्हय?" आमच्याकडे सर्व्हर बंद करता येतो. लोड कमी झाला की मशीन कमी करतात, लोड वाढला की पुन्हा चालू. मला ते इतकं सरळ वाटत होतं.

गुरांचे बाजार बंद होते. जूनमध्ये एक व्यापारी दारात आला. एरवी साठ हजारांची गाय बत्तीस हजारांना गेली. टेम्पोत चढताना ती अडून बसली, तर आप्पांनी स्वतः पुढे होऊन दावं धरलं. मी तेव्हा ऑनलाइन मीटिंगमध्ये होतो. खिडकीतून बघत होतो, माइक म्यूट करून.

दिवाळीनंतर दर वर सरकले. पण त्याहून एक गोष्ट मला नंतर लक्षात आली. त्या सगळ्या महिन्यांत पुण्यातल्या माझ्या रिकाम्या खोलीचं भाडं मी भरत होतो, महिन्याला सहा हजार. पगार पूर्ण चालू होता. गाईचा तोटा होता अडीच हजार. शीटमध्ये ती ओळ मी टाकलीच नव्हती. आकडे बरोबर होते, पण कोणता आकडा शीटमध्ये घ्यायचा आणि कोणता बाहेर ठेवायचा, हे मीच ठरवलं होतं. आप्पांनी आजवर मला एका शब्दाने बोल लावलेला नाही.

इतिहासाचंही असंच असतं, असं मला आता वाटतं. साथीचे आकडे, कायद्याची तारीख, रँडचा खून, हे सगळं नोंदीत येतं. रिकामी दावण येत नाही. ती येते फक्त नावात, एखाद्या शिवीत, नाहीतर कोणीतरी मान वर न करता बोललेल्या वाक्यात.

तुमच्या सातबाऱ्यावर एक रकाना असतो, बघा कधी: "शेताचे स्थानिक नाव". आमच्या उताऱ्यावर तो कोरा आहे. तुमचाही बहुतेक कोराच असेल. या आठवड्यात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन करा आणि आपल्या प्रत्येक तुकड्याचं नाव विचारा, आणि ते नाव का पडलं तेही. लिहून ठेवा. मला कळवलंत तर आनंद होईल.

म्हैस मात्र आहे अजून. त्या एप्रिलात झालेली तिची रेडी आता स्वतः दूध देते. तिचं नाव आजीने ठेवलंय, झोपडी. भेटू पुढच्या भागात.