तीनपदरी फळीचा इतिहास

घरांतील सागवानी दार पावसाळ्यांत चौकटीला अडूं लागतें, सुतार येऊन त्याची कड रंधून जातो, आणि दिवाळीनंतर तेंच दार सैल पडून वाऱ्यानें आपटतें. दोष सुताराचा नसतो. लांकूड हवेंतील ओल शोषून फुगतें व ती ओल गेली कीं आक्रसतें. हा फरक तंतूंच्या आडव्या दिशेनें पुष्कळ असतो, लांबीच्या दिशेनें नाममात्र. हा स्वभाव पालटतां येत नाहीं. परंतु लांकडाला लांकडाशींच झुंजावयास लावतां येतें. झाडाचे पातळ पापुद्रे एकावर एक असे चिकटवावयाचे कीं, एकाचे तंतू उभे तर त्याखालच्याचे आडवे. मग प्रत्येक पदर शेजारच्या पदराला आवरून धरतो. पदर तीन, पांच किंवा सात असे विषम ठेवले म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी होऊन फळी सपाट राहते. प्लायवुड म्हणतात तें हेंच.

ही कल्पना यंत्रयुगाची नव्हे. मिसर देशांत सक्कारा येथें तिसऱ्या राजवंशाच्या काळची, म्हणजे सुमारें ४,६०० वर्षांपूर्वींची, एक शवपेटी सांपडली. तिच्या फळ्या सहा पातळ पदरांच्या होत्या व त्यांचे तंतू आळीपाळीनें उभे-आडवे ठेविले होते. विषम संख्येचा नियम त्या कारागिराला मान्य नसावा! परंतु लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. हे पदर त्यानें लांकडी खुंट्या मारून जोडले होते. खुंट्यांची जागा सरसानें घेतली तेव्हां प्लायवुडचा खरा इतिहास सुरू झाला, आणि पुढें तो लांकडापेक्षां सरसाचाच इतिहास होऊन बसला.

न्यूयॉर्कच्या जॉन मेयो यांना अशा फळीचें पेटंट २६ डिसेंबर १८६५ रोजीं मिळालें. धंदा मात्र दुसरीकडे उभा राहिला. बाल्टिक समुद्राकांठच्या रेव्हाल शहरांत, म्हणजे आजच्या एस्टोनियाच्या टालिन शहरांत, लूथर यांच्या कारखान्यांत बर्च झाडाच्या फळ्यांपासून खुर्च्यांच्या बैठका होऊं लागल्या. अशा कामांत ओंडका यंत्रावर फिरवीत त्याला लांब पातें लावतात, आणि गुंडाळलेली चटई उलगडावी तसा सलग पापुद्रा निघत जातो. १८९० नंतरच्या दशकांत या कारखान्यास पाण्याला बऱ्यापैकीं टिकणारा सरस साधला, आणि फळी दिवाणखान्यांतून बंदरावर गेली. लंडनच्या व्हेनेस्टा कंपनीनें तिच्या चहाच्या पेट्या विकावयास आरंभ केला. भारत व सिलोन येथील मळ्यांचा चहा अशा पेट्यांतून जगभर गेला. पेटी हलकी आणि तरी दणकट, हा तिचा गुण. भारतांत हा धंदा रुजला तोही चहाच्या पेट्यांच्याच निमित्तानें, आसामांत.

या पेट्यांना एक चमत्कारिक मान मिळाला. अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या १९०७ ते १९०९ च्या दक्षिण ध्रुव मोहिमेचें सामान व्हेनेस्टाच्या खोक्यांतून गेलें होतें. केप रॉइड्स येथील झोपडींत १९०८ च्या हिंवाळ्यांत मंडळींनीं ‘ऑरोरा ऑस्ट्रॅलिस’ हें पुस्तक छापलें. त्या खंडावर छापून बांधलेलें हें पहिलेंच पुस्तक. बांधणीस पुठ्ठा कोठला? रिकाम्या खोक्यांच्या फळ्या कापून, घासून वापरल्या. त्यामुळें कांहीं प्रतींच्या आंतल्या बाजूस लोण्याच्या खोक्यावरील अक्षरें आजही वाचतां येतात.

१९३४ सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत जेम्स नेव्हिन यांनीं पूर्णपणें जलाभेद्य असा चिकट पदार्थ सिद्ध केला. तरीही जुने सरस लगेच हद्दपार झाले नाहींत, आणि त्याची किंमत दुसऱ्या महायुद्धांत मोजावी लागली. इंग्लंडचें ‘मॉस्किटो’ हें विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजीं प्रथम उडालें. त्याचें धड म्हणजे बर्चच्या प्लायवुडच्या दोन कवचांमध्यें हलकें बाल्सा लांकूड. आरंभीं त्याचे सांधे दुधापासून काढलेल्या केसिनच्या सरसानें जोडीत. युरोपांत या विमानानें नांव कमावलें. परंतु १९४४ सालीं हिंदुस्थानांतील तळांवरून उडणारीं कांहीं मॉस्किटो विमानें हवेंतच मोडलीं, वैमानिक प्राणास मुकले, आणि नोव्हेंबरांत तेथील सारीं मॉस्किटो विमानें तपासणीसाठीं जमिनीवर उतरविण्यांत आलीं. प्रथम बोट दाखविलें गेलें तें येथल्या उष्ण-दमट हवेकडे. तपासांत मात्र पंखांचे कांहीं सांधे कारखान्यांतच नीट जुळले नव्हते, सरस बसावयाचा तेथें फटी राहिल्या होत्या, असें दिसून आलें. हवेला सर्वस्वीं दोष देणें सोयीचें होतें, न्यायाचें नव्हतें. पुढें केसिनच्या जागीं कृत्रिम राळेचा सरस आला.

श्रोत्यांपैकीं जे हौसेनें घरीं सुतारकाम करतात, त्यांचा या विमानाशीं निकटचा संबंध आहे. दुकानांत गिऱ्हाईक विचारतें तें लांकूड कोणतें. विचारावयास हवें तें सरस कोणता. फळीवर ‘एम. आर.’ अशीं अक्षरें असलीं तर ती दमट हवा सोसते, पाण्याचा मारा सोसत नाहीं. तिचा सरस बहुधा युरियाच्या राळेचा असतो. ‘बी. डब्ल्यू. आर.’ फळीचा सरस फेनॉलच्या राळेचा, तो उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीं. स्वयंपाकघरांतील मोरीखालच्या कपाटास पहिली फळी घालणें म्हणजे दोन-तीन पावसाळ्यांत पदर सुटलेले पाहण्याची तयारी ठेवणें होय.

चांगल्या फळीसही मर्मस्थान असतें, तें तिची कड. तेथें तंतूंचीं तोंडें उघडीं असतात व पाणी तेथूनच शिरतें. म्हणून कापलेली प्रत्येक कड, न दिसणारी सुद्धां, रंगानें वा पट्टीनें बंद करावी. कडेंत स्क्रू मारावयाचा तर आधीं गिरमिटानें बारीक भोंक पाडावें, नाहींतर पदर फांकतात. मांडणीच्या फळींत वरच्या पदराचे तंतू भिंतीपासून भिंतीकडे, लांबीच्या दिशेनें असावेत. तीनपदरी फळींत हा नियम मोडला तर पुस्तकांच्या वजनानें ती लवकरच बाक धरते. वरचा पदर बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असल्यामुळें त्यावर रंधा चालवूं नये, बारीक पॉलिश कागदच वापरावा. कापण्यापूर्वीं रेघेवर धारदार सुरीनें खोल ओरखडा काढला तर ढलप्या उडत नाहींत. हातकरवत खालीं रेटतांना कापते व ढलप्या खालच्या अंगास काढते, म्हणून फळीचें चांगलें तोंड वर ठेवावें; हातांत धरावयाच्या विजेच्या गोल करवतीचे दांते खालून वर येतात, तिच्यासाठीं तेंच तोंड खालीं.