फक्त जोडप्यांसाठी

आधी बूट काढा. काउंटरमागच्या पोराला माप सांगा. तो मळकट तपकिरी, नारिंगी चाकांचे भाड्याचे स्केट्स समोर आपटेल आणि आत जंतुनाशकाचा एक फवारा मारेल. तो वाळायच्या आत पाय घालायचा. आधीच्या शंभर जणांचा घाम, त्यावर औषधी वास, आणि शेजारच्या खिडकीतून पॉपकॉर्नच्या लोण्याचा भपकारा. 1981 चा मार्च आहे, शनिवारची संध्याकाळ, अमेरिकेतल्या इलिनॉयमधलं एक आडगाव. बाहेर बोचरी थंडी. आत एवढी गर्दी की भिंतींना घाम फुटलाय. तुमचं वय सोळा. लाजू नका, इथे सगळ्यांचंच तेवढं आहे.

उठा. पडलात? पडू द्या. कठडा धरून एक फेरी मारा. लाकडी जमिनीवरची चाकांची घरघर कानांआधी नडग्यांना कळते. डिस्कोचा दणदणाट चालू आहे, त्यामुळे बोलायचं तर ओरडूनच. पोरांच्या मागच्या खिशात कंगवा, पोरींच्या केसांवर इतका हेअरस्प्रे की बाजूनं गेल्या तरी घशात उतरतो.

आणि मग दिवे मंदावतात. माइकवरून आवाज येतो: पुढचं गाणं फक्त जोडप्यांसाठी.

पळापळ बघा! निम्मी पोरं कठड्याकडे धावतात, काहींना अचानक तहान लागते. छतावरचा आरशांचा गोळा फिरायला लागतो आणि सगळ्यांच्या तोंडावर पांढरे ठिपके पळू लागतात. सात इंची तबकडीवर सुई टेकते. खरखर, मग पियानो. आरईओ स्पीडवॅगन! इथे या नावाला कॉलर ताठ होते, कारण बँड इथलाच, 1967 मध्ये शँपेनच्या विद्यापीठातल्या पोरांनी काढलेला. नाव एका जुन्या ट्रकचं. आणि आता याच गाण्यानं, ‘कीप ऑन लव्हिंग यू’नं, ते देशात पहिल्या नंबरवर आहेत.

पण तुमचं लक्ष गाण्याकडे कुठे आहे? तुम्ही हात पुढे केलाय. समोरून हात आला, तोही तुमच्याइतकाच ओला. आता फेरी. कुठे बघायचं ते दोघांनाही माहीत नाही, म्हणून दोघंही समोरच्या पोराच्या कंगव्याकडे बघताय. आधी पियानो आणि गायकाचा हळवा सूर, मग ड्रम्स, मग विव्हळणारी गिटार. गिटार आली की समजायचं, निम्म्याहून जास्त वेळ गेला. साडेतीन मिनिटंसुद्धा नाहीत हो.

समीक्षकांना असली गाणी म्हणजे साखरेचा पाक वाटायची. खरंच होतं ते. ढणढणाट करणारे बँडसुद्धा रेडिओवर वाजायला म्हणून एखादं हळवं गाणं करत, आणि त्यांचे शब्द कागदावर वाचवत नाहीत. पण वेगवान गाण्यात जो तो आपला फिरतो. चारचौघांत, सगळ्यांच्या देखत हात धरायची परवानगी फक्त या पाकातच मिळते.

गाणं संपतं, दिवे लागतात, हात सुटतात. घाईनं पँटला पुसूही नका, दिसतं ते.

उद्या रेडिओजवळ बसा. निवेदक केसी केसम चाळीसपासून एकपर्यंत गाणी मोजत येईल, चार तास. मध्ये कुणाचं तरी पत्र वाचेल, दूर गेलेल्या माणसासाठी गाणं लावेल, आणि ते पत्र आपल्यासाठीच असावं असं तुम्हाला उगाच वाटेल. टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबायला बोटं तयार ठेवा. पहिल्या नंबरची वेळ आली की नेमकी आई जेवायला हाक मारते. ती हाकही कॅसेटवर जाते.

आज ते गाणं फोनवर दोन सेकंदांत सापडतं. जरूर लावा, पण कुणाला तरी शेजारी बसवून. एकट्यानं ऐकलंत तर समीक्षकांचंच पटेल.