समुद्राचे काम कोण करणार?

प्रवाळ म्हटले की मुलांना अंगठीतले पोवळे आठवते, नाहीतर रंगीत दगड. प्रत्यक्षात प्रवाळ हा प्राणी आहे. एका जागी चिकटून राहणारा, स्पर्शिका पसरून भक्ष्य पकडणारा. तो घरातल्या काचेच्या टाकीत जगवायचा तर काय काय लागेल? वर्गात विचारून पाहा. 'खारे पाणी' हे उत्तर लगेच येईल. बाकीची उत्तरे सापडायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली.

१८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून छोटी, पेल्याच्या आकाराची प्रवाळे लंडनला नेली. वाटेत आपटू नयेत म्हणून त्यांनी ती सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचली होती! लंडनमध्ये समुद्राचे पाणी पुरवून वापरणे भाग होते. मग त्यांच्या घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. चहा निववायला आपण ओततो ना, तसेच. त्यामुळे हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळे. समुद्रात लाटा जे काम करतात, ते इथे एका मुलीचे हात करत होते. पुढच्या वर्षी थिनबाईंनी भांड्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या. प्रवाळे जगली, त्यांची संख्याही वाढली. १८५९ साली या नोंदी प्रसिद्ध झाल्या.

ही प्रवाळे थंड पाण्यातली, चिवट. उष्ण समुद्रातल्या रंगीबेरंगी प्रवाळांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात. कार्ल ब्रांट यांनी १८८१ साली त्यांना नाव दिले. ही शैवाले उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणजे अशा प्रवाळाला उजेड हवा तो दिसण्यासाठी नव्हे, जेवणासाठी!

तिसरे काम सफाईचे. प्राण्यांच्या उत्सर्गातून अमोनिया हे विष पाण्यात साचते. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. प्रवाळ खडकावरचे जिवंत दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, एवढेच त्यांच्या टाकीत असे. दगडांच्या छिद्रांतले जीवाणू अमोनियाचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करत.

लाटा, उजेड, सफाई. समुद्राची ही तीन कामे माणूस शिकला. चौथे मात्र समुद्रावरच सोडले होते : मेलेल्याच्या जागी नवा प्रवाळ पुरवण्याचे. १८५४ साली फिलिप गॉस यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक आले, आणि घरोघरी समुद्र ठेवण्याची हौस इंग्लंडभर पसरली. गोळा करणाऱ्यांनी किनाऱ्यावरची डबकी कशी ओकीबोकी केली, हे त्यांच्याच मुलाने, एडमंड गॉस यांनी, १९०७ साली दुःखाने लिहिले. पुढे उष्ण समुद्रांतूनही प्रवाळे अशीच उचलली गेली.

या चौथ्या कामाची युक्ती प्रवाळाच्या अंगातच आहे. जास्वंदीची फांदी लावून नवे झाड करतो, तसे प्रवाळाच्या तुकड्यापासून नवी वसाहत वाढते. बर्लिनच्या डिट्रिख श्ट्यूबर यांनी आपल्या टाकीतल्या प्रवाळाचे तुकडे इतर हौशी मंडळींना वाटले. छत्रीसारखी मऊ प्रवाळे तर लहान टाकीतही अशी सहज वाढतात. टाकीतून टाकी भरू लागली, की समुद्रात हात घालायचे कारण उरत नाही.

आपल्याकडे मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळे आहेत. खडक बांधणारी सर्व प्रवाळे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती काढणे वा विकणे गुन्हा आहे. सहलीला गेलेल्या मुलाने 'घरी नेऊ का?' असे विचारले, तर नुसते 'नाही' म्हणू नये असे आम्हाला वाटते. उलट विचारावे : घरी समुद्राची ही चार कामे कोण करणार?